बँकेतलं समुद्रदर्शन

परवा बँकेत माझा नंबर गेला. कॅशियरबाई म्हणतात स्क्रीनवर आला होता. अहो, मी त्याच स्क्रीनकडे मान वर करून बसलो होतो अन् तिथं निळाशार समुद्र न् भलंमोठं पांढरं जहाज होतं! क्रेडिट कार्ड घ्या, क्रूझवर सवलत मिळवा. टोकनचा आकडा खाली कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढा, तोही जाहिरात सरकली तरच दिसणार. जून महिना, पीककर्जाची गर्दी, कूलरमधलं पाणी संपलेलं, समुद्र इथून सातशे किलोमीटर तरी लांब.

शेजारी एक आबाजी, गळ्यात दुपट्टा, पिशवीत सातबारा.

"काऊन बापू, हे जहाज कुटं जाते?"

आता मला रात्री झोप नाही आली की जहाजांचे व्हिडिओ पाहायची खोड, त्यामुळे तोंड सुटलंच. म्हटलं आबाजी, त्याच्यात बिनखिडकीच्या खोल्याही असतात, जरा स्वस्तातल्या. मग २०१४ पासून रॉयल कॅरिबियन या जहाज कंपनीवाल्यांनी तसल्या खोल्यांत ८० इंची स्क्रीन लावल्या, बाहेर कॅमेरा, समुद्र त्याच क्षणी आत दिसतो. वरून चित्रातच कठडासुद्धा काढलेला.

"कठडा कायले? टीव्हीतून पडते का कोनी?"

"तसं नाही, बाल्कनीत उभं असल्यासारखं वाटावं म्हणून."

"अन् रातीचं काय दाखवते?"

"रात्री... अंधार."

"अंधार पाहाले ८० इंची टीव्ही!" आबाजी एवढे हसले की पासबुक छापणारा पोरगा वळून पाहायला लागला. "माह्या घरी त फुकट हाये. लाईनवाला रोज दाखवते."

मी आपला नेटानं सांगतोय की डिस्नेच्या जहाजावर तर २०११ पासून गोल खिडकीसारख्या स्क्रीन आहेत, मधूनच कार्टून डोकावतं, आणि जहाज हललं न् चित्र मागं पडलं तर माणसाला मळमळायला लागतं, म्हणून चित्र जराही उशिरा दाखवून चालत नाही. आबाजींनी आमच्या स्क्रीनकडे बोट केलं.

"मंग हे इथं घंटाभर मागं हाये, कोनी ओकलं नाई थे?"

तेवढ्यात शिपायानं नुसत्या तोंडानं "ओ आबाजी, या" अशी हाक मारली अन् आबाजी गेले, सही-अंगठा करून मोकळेही झाले. त्यांना म्हणे स्क्रीन दिसतच नाही, मोतीबिंदू आहे, म्हणून आल्या आल्या शिपायाला सांगून ठेवलं होतं. डोळे धड असणाऱ्यानं मात्र जहाज पाहायचं!

मी काउंटरवर गेलो तर बाई म्हणाल्या नवीन टोकन घ्या. मशीनमधला कागद संपलेला. मग शिपायानं जुन्या स्लिपच्या मागं पेनानं आकडा लिहून दिला, मी म्हटलं आता हा पेनाचा आकडा त्या स्क्रीनवर कसा येणार, तर म्हणतो कसा, "नाई येत साहेब, पन तुमी स्क्रीन पाहात राहा, लंचनंतर बोलावतो." अन् हे सगळं खात्याला मोबाईल नंबर जोडायला, जो मागच्या वर्षी जोडून झाला होता.