चार हजार भरले, चारशे साठ फिटले

क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ हे शब्द लिहायचं ज्यानं कोणी ठरवलं, त्याला मला एकदा आमच्या घरच्या ओट्यावर बसवायचं आहे. पाणी देतो, चहा पाजतो. मग बिलांची थप्पी पुढ्यात ठेवून विचारतो, की भाऊ, चौदा महिने तू सांगितलं तेवढं मी भरलं. एक तारीख चुकवली नाही. तरी माझं कर्ज जिथल्या तिथं काहून आहे?

हिशेब सांगतो. कार्डावर बाकी ८०,००० रुपये. व्याज महिन्याला पावणेचार टक्के, म्हणजे ३,००० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५४० रुपये. झाले ३,५४०. बिलावर छापलेली किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के, म्हणजे ४,०००. मी ४,००० भरले. मुद्दलातून गेले किती? ४६० रुपये. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, फक्त दोन-चार रुपयांचा फरक. चौदा महिन्यांत मी ५४,००० च्या आसपास भरले आणि बाकी राहिली पावणेचौऱ्याहत्तर हजारांच्या घरात. सहा हजार फिटायला चोपन्न हजार! हा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडला त्या रात्री मी जेवलो नाही. रागानं हात थरथरत होते.

मला सगळ्यात जास्त चीड त्या ‘किमान’ शब्दाची येते. आपल्या भाषेत किमान म्हणजे काय? एवढं केलं की तुम्ही पार. पस्तीस मार्क पडले की पास. लहानपणापासून आपण हेच शिकलो. बिलात ‘किमान रक्कम ४,०००’ वाचलं की माणूस समजतो, या महिन्याचा हप्ता झाला, कर्ज तेवढं उतरलं. हप्त्याची सवय आपल्याला आहे ना. ट्रॅक्टरचा हप्ता, बचत गटाचा हप्ता, भरला की उतरतो. हा हप्ता नाहीच. ही फक्त तुम्हाला थकबाकीदार न म्हणण्याची किंमत आहे. बिलाच्या तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, इंग्रजीत एक ओळ असते, की फक्त किमान रक्कम भरत गेल्यास परतफेड कित्येक वर्षं लांबेल आणि व्याजावर व्याज चढत जाईल. मग ती ओळ पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात मराठीत टाकायला काय होतं? ‘४,००० भरले तर ४६० फिटतील’ एवढं एक वाक्य. कॉम्प्युटरला ते काढायला सेकंद लागत नाही.

आणि दुसऱ्या किमानाची गोष्ट ऐका. सोयाबीनची किमान आधारभूत किंमत २०२४-२५ च्या हंगामाला क्विंटलमागे ४,८९२ रुपये होती. आमचं सोयाबीन बाजार समितीत चार हजाराच्या आसपास गेलं. ओलावा जास्त आहे, दाणा बारीक आहे, हे आहे, ते आहे. म्हणजे आम्हाला मिळायचं ते किमान कोणी देत नाही, आणि आमच्याकडून घ्यायचं ते किमान दिलं तरी पुरत नाही.

कार्ड कसं आलं ते सांगतो, कारण लोक लगेच म्हणतात, मोबाइल घेतला असेल, हॉटेलात उडवले असतील. डिप्लोमा झाल्यावर मी चाकणला कंपनीत लागलो. हातात १९,००० यायचे. गेटासमोर छत्री लावून दोन पोरं बसलेली असायची. आधार, पॅन, पगाराची स्लिप द्या, कार्ड घ्या. ‘आयुष्यभर फुकट, पंचेचाळीस दिवस बिनव्याजी’ हे दहा वेळा म्हणाले. बिल पूर्ण भरलं तरच ते बिनव्याजी, एक रुपया बाकी ठेवला की खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं आणि पुढची प्रत्येक खरेदीही पहिल्या दिवसापासून व्याजात जाते, हे एकदाही म्हणाले नाहीत. मी बाकी असताना त्याच कार्डावर दोनदा किराणा भरला. दिवाळीचं तेल, डाळ, साखर. त्यावरही व्याज लागलं.

२०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर बाबा सोयाबीनच्या ट्रॉलीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. रात्री अकराला अमरावतीच्या दवाखान्यात काउंटरवर सांगितलं, पन्नास हजार जमा करा, मग आत घेतो. सरकारी योजना तिथं लागू नव्हती. त्या वेळेला गावात कोणाला उठवणार? कार्ड काढलं, मशीनमध्ये घातलं, पावती आली. त्या क्षणी त्या कार्डाबद्दल माझ्या मनात उपकाराची भावना होती, हे मी लपवणार नाही. पुढं औषधं आणि बिलाची उरलेली रक्कम धरून वीस हजार. जूनमध्ये बाबा खाटेवर, पेरणी तोंडावर, तर बियाणं-खतासाठी एटीएममधून त्याच कार्डावर दहा हजार काढले. त्याचे ५०० रुपये शुल्क, वर जीएसटी, आणि रोख काढली म्हणून त्याच दिवसापासून व्याज. झाले ऐंशी हजार. नोकरी सोडून मी गावी आलो, तालुक्याला कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, पगार १३,५००. त्यातले चार हजार दर महिन्याला कार्डावर.

आता मला कोणीतरी समजावून सांगा. आमच्याच राज्यात २०१४ पासून सावकारीचा कायदा आहे. परवानाधारक सावकाराला कास्तकाराकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांच्या वर आणि शेतकरी नसलेल्याकडून १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, आपल्याकडची जुनी दामदुप्पट ती हीच. ज्या विदर्भात सावकाराच्या वहीनं घरंच्या घरं उठवली, तिथं प्रत्येक म्हाताऱ्याला दामदुप्पट हा शब्द माहीत आहे. आणि माझं कार्ड महिन्याला पावणेचार टक्के घेतं, म्हणजे वर्षाला ४५, जीएसटी धरला तर ५३ च्या वर. सावकारानं एवढं व्याज लावलं तर गुन्हा दाखल होतो, उपनिबंधकाच्या कार्यालयातून धाड पडते. बँकेनं लावलं तर तो ‘दर’ होतो. बाबांचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या बाप-लेकात एकाला शून्य आणि दुसऱ्याला पंचेचाळीस. बाबांची सवलत काढा असं मी म्हणत नाही, ती हक्काची आहे. पण त्याच बाबांच्या हाडापायी घेतलेल्या पैशाला पंचेचाळीस कोणत्या न्यायानं?

न्यायाचंही सांगतो. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगानं निकाल दिला होता, की कार्डाच्या थकीत रकमेवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बँका वर गेल्या. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, आयोगानं त्यात पडू नये, असं म्हणून. आणि रिझर्व्ह बँकेनं कार्डाच्या व्याजाला आकड्यात कमाल मर्यादा घातलेली नाही. व्याज अवाजवी नसावं, एवढंच तिच्या नियमांत आहे. पंचेचाळीस अवाजवी नाही, तर अवाजवी कितीला म्हणायचं?

पंधराव्या महिन्यात जिनिंगचा पगार उशिरा झाला. मी नऊ दिवस उशिरा भरलं. उशिराचं शुल्क १,१०० रुपये, त्यावर जीएसटी १९८. आणि फोन सुरू झाले. मला आले असते तर मी ऐकून घेतलं असतं. अर्जात संदर्भ म्हणून आईचा नंबर दिला होता, तर तिला लावले. सकाळी सातला. आई वावरात निंदणाला गेली होती, धुऱ्यावर फोन वाजला. पलीकडचा हिंदीत तावातावानं बोलला. आईला अर्धं कळलं, अर्धं नाही. तिनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाजच निघत नव्हता.

“बाबू, कोणी हिंदीत बोलते. तुह्या नावाचं वारंट निघालं म्हणते. तू काय केलं रे?”

माझ्या आईला त्या सकाळी वाटलं, की तिच्या पोरानं चोरी केली. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही, कर्जदाराच्या घरच्यांना त्रास देता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेनंच लिहून ठेवलंय. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे, त्यापायी वारंट निघत नाही. फोन करणाऱ्याला हे सगळं पक्कं माहीत असतं. त्याला हेही माहीत असतं, की धुऱ्यावर उभ्या असलेल्या बाईला ते माहीत नाही. त्याच्या पगाराची सगळी मदार या एका गोष्टीवर आहे, आणि हे मी कधीच माफ करणार नाही.

त्याच रात्री आईनं गळ्यातली पोत काढून माझ्यासमोर ठेवली. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, “तुह्या बापाच्या हाडापायीच गेले ना पैसे? मंग हे कोणाच्या कामाची हाय?”

तालुक्याच्या बँकेत सोनारानं ती कसोटीच्या दगडावर घासली, सोनेरी रेघ उमटली, त्यावर थेंब टाकून पाहिला. मणी धरून वजन भरलं सतरा ग्रॅम. काळ्या मण्यांचे अडीच ग्रॅम वजा केले. आई काचेच्या या बाजूला उभी राहून त्या काट्याकडे पाहत होती, पदर गळ्याभोवती घट्ट धरून. सोनेतारण मिळालं ७५,०००, वर्षाला दहा टक्क्यांनं. म्हणजे महिन्याला व्याज ६२५ रुपये. एवढ्याच रकमेला कार्ड महिन्याला जीएसटीसकट ३,३१८ घेत होतं. माणूस तोच, पगार तोच, रक्कम तीच. पंधरा महिने आधी कोणी हा हिशेब माझ्यापुढं मांडला असता, तर चाळीस हजाराच्या आसपास वाचले असते. आई आता बाजारातली चाळीस रुपयांची पोत घालते. लग्नाला जायचं असलं की काहीतरी कारण काढून घरी थांबते.

पूर्ण बाकी भरली तरी सुटका नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा बिल आलं, १,३२७ रुपयांचं. विचारलं, तर म्हणे बिल निघाल्यापासून तुम्ही भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज. तेही भरलं. कार्ड बंद करा म्हणून फोन केला तर तिकडची बाई म्हणते, सर, तुमची मर्यादा दीड लाख करून देते, बंद कशाला करता? तीनदा तेच. शेवटी लेखी मेल केला. बाकी शून्य असेल तर अर्ज दिल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावंच लागतं, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, हा नियम २०२२ पासून आहे. माझं बंद व्हायला तेवीस दिवस लागले. ते पैसे मी मागितलेत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते, १४४४८ वर माहिती मिळते. मी करणार आहे. रक्कम किती मिळते याच्यासाठी नाही. सकाळी सातच्या त्या फोनची नोंद कुठंतरी झाली पाहिजे म्हणून.

परवा पोळ्याला काकांचा पोरगा बुटीबोरीहून आला. बावीस वर्षांचा आहे, एमआयडीसीत लागून वर्ष झालं. बैलांची मिरवणूक झाली, पुरणपोळी झाली, अन् ओट्यावर बसल्यावर त्यानं मला मोबाइल दाखवला. “दादा, माह्यापाशीबी कार्ड हाय, पण मी एकबी तारीख चुकलो नाही बरं.” मी त्याच्या हातून मोबाइल घेतला. बाकी ४१,०००. पाच महिने झाले होते. पाचही महिने किमान भरलं होतं. बिलाचं तिसरं पान त्यानं कधी उघडलंच नव्हतं. मी घरातून वही आणली आणि त्याच्या समोर आकडे मांडायला बसलो. व्याज १,५३७, जीएसटी २७७, भरले २,०५०. वजाबाकी त्यालाच करायला लावली. त्यानं केली, खोडली, पुन्हा केली.

“दोनशे छत्तीस?” तो म्हणाला.