पाच मिली म्हणजे किती?

माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या टॉन्सिल्सची शस्त्रक्रिया जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याला घेऊन गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी आलो. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि डॉक्टरांच्या कौशल्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही, हे आधीच सांगते. मला लिहायचे आहे ते त्यानंतर घरात काढलेल्या दोन आठवड्यांविषयी. घसा खऱ्या अर्थाने भरून येतो तो या काळात, आणि नेमका याच काळात मुलाचे सगळे पाहणाऱ्या माणसांच्या हाती रुग्णालयाने दिलेल्या एका कागदाखेरीज काहीही नसते.

आमचे डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, घाईघाईने हाताने लिहिलेले होते. त्यावर तीन औषधांची नावे, वेदनेच्या औषधापुढे 'पाच मिली', मऊ आहार द्यावा अशी सूचना, आठ दिवसांनी दाखवायला येण्याची तारीख आणि तळाशी एक फोन क्रमांक, एवढाच मजकूर होता. माझे पती नोकरीसाठी फोंड्याला जातात आणि मी प्राथमिक शाळेत शिकवते. रजा संपल्यावर दिवसभर मुलाजवळ सासूबाईच असणार होत्या. सासूबाई रोज सकाळी मराठी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि घरच्या काजूंचा हिशेब त्यांच्याच वहीत असतो, पण इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. औषधाचा चमचा ज्यांच्या हातात राहणार होता, त्यांच्यासाठी तो कागद असून नसल्यासारखा होता.

तिसऱ्या दिवशी मुलाने पाणी पिणे जवळजवळ थांबवले. गिळताना दुखते म्हणून तो पीत नव्हता, पीत नव्हता म्हणून घसा कोरडा पडत होता आणि कोरड्या घशाला दुखणे आणखी वाढत होते. लाळसुद्धा गिळायला नको म्हणून तो ओठ मिटून, उशीवर मान कलती करून पडून राही. दुपारी सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगो, सकाळपासून ह्याने एकदाच लघवी केली आहे." मी कार्डावरच्या क्रमांकावर फोन केला. तो स्वागतकक्षाचा निघाला. डॉक्टर गेले आहेत, उद्या बाह्यरुग्ण विभागात या, असे उत्तर मिळाले. संध्याकाळी पुन्हा फोन केला तेव्हा दुसऱ्या कोणीतरी, दुखणारच, औषध चालू ठेवा, असे सांगून फोन ठेवला. औषध तर आम्ही वेळेवर देतच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुसळधार पावसात आम्ही त्याला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेले. तिथल्या सिस्टरांनी पहिले दोन प्रश्न विचारले, ते मी जन्मभर विसरणार नाही. मुलाचे वजन किती आहे? आणि औषधाची बाटली बरोबर आणली आहे का? त्यांनी बाटली उजेडाकडे धरली, लेबलवरची बारीक अक्षरे वाचली आणि बोट ठेवून मला दाखवली. पॅरासिटामॉलचे पातळ औषध आपल्याकडे एकाच ताकदीचे मिळत नाही. एका बाटलीत पाच मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असते, तर दुसरीत तेवढ्याच पाच मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. मुलांना ते वजनावरून, साधारणपणे एका वेळेस दर किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात. माझ्या मुलाचे वजन १७ किलो, म्हणजे त्याला एका वेळेस सुमारे २५० मिलिग्रॅम हवे होते. कार्ड लिहिणाऱ्याच्या मनात मोठ्या ताकदीची बाटली होती, कागदावर ताकद लिहिलेली नव्हती आणि आमच्या हाती आली होती लहान ताकदीची. तीन दिवस सासूबाई मापाच्या टोपणातून अगदी रेघेपर्यंत, थेंबही न सांडता, अर्धाच डोस देत होत्या. केंद्रातल्या डॉक्टरांनी त्याला तपासून योग्य मात्रा लिहून दिली. घरी आल्यावर तासाभरात त्याने उकड्या तांदळाची कोमट पेज वाटीभर घेतली, आणि सासूबाई देवघरापुढे जाऊन बसल्या.

आमच्या बाबतीत चूक कमी डोसाकडे झाली, म्हणून त्याची किंमत वेदनेत चुकती झाली. हीच चूक उलट्या दिशेने झाली असती तर? तान्ह्या बाळांसाठी मिळणाऱ्या थेंबांच्या बाटलीत एका मिलीमध्येच १०० मिलिग्रॅम औषध असते. त्यातून कोणी 'पाच मिली' दिले तर एका वेळेस ५०० मिलिग्रॅम पोटात जातील, आणि या औषधाचा अतिरेक यकृतावर जातो. त्यामुळे नुसते 'पाच मिली' लिहिणे हे माझ्या मते अपुरे लिहिणे आहे. वर दिलेला हिशेब मात्र कोणी स्वतः करून मुलाला औषध देऊ नये. तो आपल्या डॉक्टरांकडून करून घ्यावा.

पाचव्या दिवशी दुसरी भीती उभी राहिली. तोंड उघडल्यावर घशात दोन्ही बाजूंना पांढुरके थर दिसू लागले आणि श्वासाला वास येऊ लागला. शेजारच्या काकूंनी पू झाल्याचे सांगितले, एका नातेवाइकांनी अँटिबायोटिकचे नाव फोनवर पाठवले, तर दुसऱ्यांनी त्याला झोप लागावी म्हणून घरात उरलेले खोकल्याचे औषध देण्याचा सल्ला दिला. या सर्वांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते आणि ते बारा वर्षांखालील मुलांना द्यायचे नसते, कारण काही मुलांचा श्वास त्याने धोकादायकरीत्या मंदावू शकतो. पांढरा थर म्हणजे जखमेवर धरलेली खपली. तोंडातली खपली ओली राहते म्हणून ती पांढरी दिसते. या दिवसांत कान दुखणे हेही बहुधा घशाचेच दुखणे असते, कारण दोन्हींच्या संवेदना नेणाऱ्या नसा एकमेकींशी जोडलेल्या आहेत. हे सारे मला त्याच सिस्टरांनी पाच मिनिटांत समजावले. ती पाच मिनिटे घरी सोडतानाच मिळाली असती तर आमच्या दोन रात्री वाचल्या असत्या.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी कार्डावर मुळीच नव्हती आणि जी सर्वांत महत्त्वाची होती. ही खपली साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसांत सुटते आणि तेव्हा रक्तस्राव होऊ शकतो. तोंडातून ताजे लाल रक्त आले, उलटीत रक्त दिसले किंवा झोपेत मूल सारखे काहीतरी गिळत असल्यासारखे वाटले, तर फोनवर सल्ला विचारत बसायचे नाही. रक्त थांबले तरी थेट रुग्णालय गाठायचे. सत्तरीतून रात्री बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पोहोचायला तासाहून अधिक वेळ लागतो, आणि पावसात झाड आडवे पडले तर त्याहूनही अधिक. आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीची आधीच व्यवस्था करून ठेवली, रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला आणि ते पाच दिवस मी मुलाच्या कुशीला दिवा लावून झोपले. सुदैवाने तशी वेळ आली नाही. पण ज्या घराला ही गोष्ट ठाऊकच नसेल, ते घर त्या रात्री काय करेल?

माझे म्हणणे एवढेच आहे की घरी सोडताना देण्याचा सल्ला हा शस्त्रक्रियेचाच भाग आहे आणि तो टाके किंवा भूल यांच्याइतक्याच काळजीने दिला गेला पाहिजे. मराठीत किंवा कोकणीत छापलेले एक पान पुरेसे आहे. त्यावर औषधाचे नाव, ताकद, मात्रा आणि दोन डोसांमधले अंतर असावे. काय होणे साहजिक आहे आणि काय झाल्यास निघायचे हे असावे. आणि रात्री अकरा वाजता कोणीतरी जाणकार उचलेल असा एक क्रमांक असावा. १९८७च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणीला राजभाषेचे स्थान आणि मराठीला शासकीय कामकाजात वापराची मुभा दिली, मग आजारी मुलाच्या उशाशी असलेला कागद तेवढा इंग्रजीतच का असावा? फोनवरून सल्ला देणे हेही आता ओळखीपाळखीचे उपकार राहिलेले नाहीत. केंद्र सरकारने मार्च २०२०मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टर फोनवर, व्हिडिओवर किंवा लिखित संदेशातून सल्ला देऊ शकतात. रुग्ण लहान मूल असेल तर सोबत मोठे माणूस असले पाहिजे, आणि प्रत्यक्ष तपासणी आवश्यक वाटली तर डॉक्टरांनी तसे सांगायचे असते. डॉक्टरांवरचा कामाचा भार मला दिसतो आणि मध्यरात्री प्रत्येक फोन शल्यविशारदांनीच घ्यावा असे मी म्हणत नाही. बाटली वाचायला सांगणारी एक अनुभवी परिचारिका त्या फोनवर असली तरी निम्मी घरे शांत झोपतील.

आई-वडिलांनीही काही करायला हवे, हे मी शिकले. रुग्णालयातून निघताना बाटल्या समोर ठेवून प्रत्येक मात्रा बोलून घ्यावी, आणि घरी जो माणूस औषध देणार आहे त्यालाच त्या वेळी बरोबर न्यावे. मी सासूबाईंना घरी ठेवून गेले होते, ती माझी चूक झाली. घरी आल्यावर वही ठेवावी. आमच्या वहीत सासूबाईंनी प्रत्येक डोसाची वेळ, प्यायलेल्या वाट्या आणि लघवीच्या खेपा त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिल्या, आणि आठव्या दिवशी डॉक्टरांनी ती वही कार्डाआधी वाचली.

आता माझ्या नणंदेच्या शेजारणीच्या मुलीची हीच शस्त्रक्रिया पुढच्या सोमवारी आहे. आमच्या वहीवरून मी तिच्यासाठी मराठीत एक पान तयार करून दिले आहे. त्यात वजन, औषधाची ताकद आणि मात्रा यांच्या जागा मी कोऱ्या ठेवल्या असून घरी निघण्याआधी त्या डॉक्टरांकडूनच भरून घ्यायला तिला सांगितले आहे.