जोतं उंच केलं म्हणून सुटका नाही

आपल्या कोल्हापुरात नदीकडच्या सखल भागात मुरमाचा भराव टाकायचा, जोतं चांगलं उंच घ्यायचं आणि मग घर बांधायचं, असं आता सर्रास चाललंय. पूर आला तरी आपल्या दारात पाणी नको. घर बांधणाऱ्याची काळजी मला कळते, आयुष्यभराची कमाई असते ती. पण अडवलेलं पाणी कुठंतरी जाणारच ना? ते मागच्या गल्लीतल्या बैठ्या घरात शिरतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४३ फूट. उंचावरच्या पेठा, वरचे मजले कोरडे राहिले खरे, पण शिंगणापूरचं उपसा केंद्र बुडालं आणि शहराचे नळ बंद पडले. टँकरपुढं बंगलेवाले आणि भाडेकरू एकाच रांगेत, हातात घागर. हायवे बंद, पेट्रोल मिळेना, दुधाचं संकलन थांबलेलं. ज्यांच्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं, त्यांचंही रोजचं जगणं पुरात अडकलं होतं.

तेव्हा तालमीतली पोरं छातीभर पाण्यात उतरली, घराघरातून भाकऱ्या गोळा झाल्या. कोल्हापूरचा मला याबद्दल फार अभिमान आहे. पण पाणी ओसरलं की आपण परत आपापल्या प्लॉटपुरते होतो. पूररेषेचं नाव काढलं की "माझी जागा सोडून बोला!" हे मला मनापासून खटकतं.

शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यावर दरबारचा, म्हणजे सगळ्यांचा पैसा खर्च झाला, आणि त्यातून कितीतरी घरांत पहिला शिकलेला माणूस तयार झाला. आज आपण ज्याला "माझ्या कष्टाचं" म्हणतो, त्यात हेही आहे.

म्हणून एकच मागणं. पावसाळ्याआधी तालमीत, मंडळात बैठक घ्या. आपल्या भागात नवा भराव कुठं पडलाय, ओढा कुठं बुजवलाय, याची यादी करा. ओळखीच्या माणसाचं नाव निघालं तरी वगळू नका. आणि यादी घेऊन महापालिकेत सगळे मिळून जा. आमच्या भागातून मी जाणार आहे, यायचं असेल त्यांनी खाली कळवा.