निळी स्क्रीनच बरी, भाऊ!

पोरगं इंजिनिअरिंगला लागलं, पहिल्याच वर्षाला सी ही प्रोग्रामिंगची भाषा आहे, आणि लॅपटॉपवर कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करणारा) कोणता टाकायचा यावरून घरात खल चाललाय? डोकं चालवू नका. निळ्या स्क्रीनचा टर्बो सी++ ३.० टाका. १९९१ चा आहे म्हणून नाक मुरडू नका, सीनियरकडून मिळालेलं जर्नलही साधारण त्याच वयाचं असतं.

जीसीसी या दुसऱ्या कंपायलरच्या नादी तर लागूच नका. एक तर तो फुकट. शिवाय १९८७ मध्ये आला तेव्हापासून त्यावर काम चालूच आहे, म्हणजे इतक्या वर्षांत पुरा झाला नाही. टर्बो बघा, एकदा झाला तो झाला. तो बनवणारी बोरलँड कंपनीच २००९ मध्ये मायक्रो फोकसनं विकत घेतली, तेव्हा अपडेटचीही कटकट नाही.

धरमपेठेतला एखादा शहाणा भाचा म्हणेल, "मामा, हा १६ बिटी. ६४ बिटी विंडोजवर चालतच नाही." त्याला तर्री-पोहे खायला पाठवा आणि डॉसबॉक्स टाका. नव्या लॅपटॉपच्या पोटात डॉस ही विंडोजच्या आधीची जुनी सिस्टीम बसवायची आणि डॉसच्या पोटात टर्बो. साठ हजारांच्या मशीनचं याहून सार्थक ते काय?

आता प्रोग्राम लिहा आणि चालवायला कंट्रोल-एफ९ दाबा. टर्बोत याचा अर्थ 'चालव', आणि डॉसबॉक्सच्या मूळ सेटिंगमध्ये 'सगळं बंद कर'. सेव्ह न केलेला प्रोग्राम गेला? जाऊ द्या ना बाप्पा, पुन्हा लिहिल्यानं पाठ होतो, आणि परीक्षेत तेच तर लागतं. माऊस खिडकीत अडकला तर कंट्रोल-एफ१०. त्या घाईत बोट एफ९ वर पडलं, तर वरचा सल्ला पुन्हा वाचा.

फॅक्टोरियलचा प्रोग्राम सर्वांनाच करावा लागतो. इंग्रजीत हे नाव नऊ अक्षरांचं आणि फाईलच्या नावात डॉसला आठच चालतात, म्हणून शेवटचा एल दाराबाहेर ठेवायचा. सातचं फॅक्टोरियल, म्हणजे एक ते सातचा गुणाकार, ५०४० येतं, अगदी बरोबर. आठचं मात्र ४०३२० यायला हवं, तिथं उणे २५२१६ येतं. इथं इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, १६ बिटांचा, ३२७६७ च्या वर त्याची धाव नाही. पोरानं लाँग हा मोठा डबा वापरला तर उत्तर बरोबर येईल, पण जर्नलशी जुळणार नाही. तोंडी परीक्षेत उगाच कशाला वाद? सात द्यायचे आणि गप्प बसायचं. सरही सातच देतात.

क्लिअरस्क्रीन का लिहायचं, हे मात्र विचारू नका. मागच्या वेळचं उत्तर स्क्रीनवर तसंच राहतं, ते पुसायला. आणि शेवटी गेटसीएच, कळ दाबेपर्यंत थांबणारं, म्हणजे आत्ताचं उत्तर दिसायला. दोन्ही प्रत्येक प्रोग्रामात हवेतच, पूजेत हळद-कुंकू हवं तसे.

पुढं कधी हिंजवडीत मुलाखत लागली, समोर लिनक्स आलं आणि पहिल्याच ओळीला 'कोनिओ.एच नावाची फाईल नाही' (क्लिअरस्क्रीन-गेटसीएच तिच्यातूनच येतात) असं उत्तर आलं, तर पोरानं अजिबात घाबरू नये. मुलाखत घेणाऱ्याला नम्रपणे सांगावं, "सर, तुमच्याकडं इन्स्टॉलेशन अर्धवट झालंय. पेन ड्राइव्ह आहे माझ्याकडं, देऊ का?"