'आता खंड पडलाच, काय उपयोग?'

एचआयव्हीची औषधं नियमित घ्यायला विचार-वर्तन उपचार (चुकीचे विचार तपासून वागणं बदलायला शिकवणारं समुपदेशन, सीबीटी) मदत करतो, हा लेखातला मुद्दा पटला. मी बीडकडं समुपदेशक आहे. २००४पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, सरकारी केंद्रांत मोफत आहे, आता बहुतेकांना रोज एकच गोळी. तरी खंड पडतो. 'विसरलो' म्हणणारे कमीच. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलं की कोपीत (ऊसतोड कामगारांच्या झोपडीत) सगळ्यांदेखत गोळ्यांची डबी काढायची कशी, ही खरी अडचण. दोन दिवस चुकले की मन म्हणतं, 'आता खंड पडलाच, काय उपयोग?' आणि महिना जातो. आम्ही तो विचारच धरून तपासतो: काल चुकली म्हणून आजची का सोडायची? एक ताई गोळ्या मिसरीच्या रिकाम्या डबीत ठेवायच्या. (औषधवाले रागावले, पण खंड पडला नाही!) निघण्याआधी जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्या, हे मात्र मी प्रत्येकाला सांगते.