पहिला शब्द

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान गेले. भाची तेव्हा सात वर्षांची होती. त्यानंतर जवळजवळ दीड महिना ती कुणाशी धड बोलली नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे बसायचा, हनुवटी धरायचा आणि म्हणायचा, “बोल ना बाळा. रडून घे, मोकळी हो.” मीही त्यातलीच. ती खाली मान घालून फ्रॉकचं बटण फिरवत राहायची. एक दिवस ते बटण तुटून तिच्या हातात आलं, तरी तिची बोटं फिरतच होती.

क्रिस्टोफ एशेनबाख यांच्याबद्दल वाचताना मला ते बटण आठवलं. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

एशेनबाख हे जर्मन पियानोवादक आणि वाद्यवृंदाचे संचालक, म्हणजे कंडक्टर. जन्म १९४० चा, तेव्हा जर्मनीत असलेल्या ब्रेस्लाऊचा. आई बाळंतपणातच गेली. वडील संगीताचे अभ्यासक आणि नाझींच्या विरोधातले. म्हणून त्यांना शिक्षेच्या तुकडीत घालून आघाडीवर पाठवलं, तिथेच ते मारले गेले. पोराला आजीनं वाढवलं. १९४५ मध्ये रशियन फौजा जवळ आल्यावर ती त्याला घेऊन पश्चिमेकडे निघाली आणि मेक्लेनबुर्गमधल्या निर्वासितांच्या छावणीत टायफसच्या साथीत तीही गेली. मुलगा स्वतः आजारी, पाच-सहा वर्षांचा, आणि जवळ कुणीच नाही. त्याची वाचाच गेली.

त्याच्या आईची नात्यातली एक बहीण होती, वालीडोर एशेनबाख. तिनं त्याला शोधून काढलं आणि घरी आणलं. ती गाणं आणि पियानो शिकवायची. तो अंथरुणात पडलेला असे आणि संध्याकाळी बाहेरच्या खोलीतून तिच्या पियानोचा आवाज येई. बाख, बेथोवन, शूबर्ट. काही काळानं तिनं त्याला विचारलं, तुलाही वाजवायचंय का? तो म्हणाला, “या.” जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे ‘हो’. कित्येक महिन्यांनी तोंडातून निघालेला तो पहिला शब्द. (आपल्याकडे ‘या’ म्हणतात ते दारात आलेल्या माणसाला. वाचताना तो अर्थ मनातून जाईना.)

पुढचं सगळं कोणत्याही परिचयात सापडतं. अकराव्या वर्षी फुर्टवेंगलर या नामवंत जर्मन कंडक्टरला वाद्यवृंद चालवताना पाहिलं आणि आपल्यालाही हेच करायचंय हे ठरलं. १९६५ मध्ये क्लारा हास्किल पियानो स्पर्धा जिंकली. कारायान या विख्यात कंडक्टरबरोबर बेथोवनचा पहिला पियानो कन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, रेकॉर्ड झाला. १९७२ पासून हातात बॅटन, म्हणजे कंडक्टरची छडी. मग झुरिक, ह्यूस्टन, पॅरिस, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन इथले वाद्यवृंद. फिलाडेल्फियात वादकांशी सूर नीट जुळले नाहीत, २००८ मध्ये ते तिथून निघाले. त्यांची लय फार संथ, फार मोकळी असते अशी टीका सतत झाली. असेलही. मला त्यांची तीच संथ लय आवडते. दोन सुरांच्या मधली जागा भरून काढायची घाई त्यांना नसते.

एक प्रसंग मला या सगळ्या पदांपेक्षा मोठा वाटतो. १९९९ मध्ये शिकागोजवळच्या रविनिया महोत्सवात ठरलेला पियानोवादक आजारी पडला. एशेनबाख तिथले संगीत संचालक होते. त्या आजारी वादकाच्या जागी सतरा वर्षांचा एक चिनी मुलगा उभा राहिला, लांग लांग. एशेनबाखनी त्याला आधी निवांत बसून ऐकलेलं होतं. त्या रात्री त्यानं चायकोव्स्की या रशियन संगीतकाराची रचना वाजवली आणि त्याचं आयुष्यच बदललं. एका पोराला वेळ द्यायचा आणि मग त्याच्यासाठी दार उघडायचं, हे एशेनबाख कुठे शिकले असतील ते सांगायला नको.

पण त्यांच्या परिचयात वालीडोरला मिळते एक ओळ. “नातेवाइकांनी दत्तक घेतलं.” गुरू म्हणून कारायान आणि जॉर्ज सेल या मोठ्या कंडक्टरांची नावं ठळकपणे येतात, आणि मला याचा राग येतो. कारायानकडे गेला तो तयार झालेला वादक. वालीडोरकडे आलं होतं ते मुकं, आजारी पोर. तिनं त्याला बोलतं करायचा आटापिटा केला नाही. ती वाजवत राहिली आणि योग्य वेळी विचारलं. विचारलं, हुकूम सोडला नाही. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच आठवड्यात त्याला पियानोसमोर नेऊन बसवलं असतं, आणि “बघ, किती छान!” असं वर म्हटलं असतं. आपण पोरांवर माया करतो, फार करतो, पण त्या मायेला दम नसतो. दुःख झालेल्या मुलानं आपल्या सोयीनं, आपल्यासमोर, लवकर बरं व्हावं असं आपल्याला वाटतं.

ब्रेस्लाऊ आता पोलंडमध्ये आहे, नाव व्रोत्सवाफ. २०२४ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, एशेनबाख तिथल्याच वाद्यवृंदाचे संचालक झाले. आजीचा हात धरून सोडलेलं गाव.

त्यांनी तरुणपणी, १९६६ मध्ये, जर्मन संगीतकार शूमानचे ‘किंडरत्सेनन’ हे पियानोवरचे तेरा छोटे तुकडे रेकॉर्ड केले आहेत. लहानपणाची चित्रं म्हणा. पहिल्या तुकड्याचं नाव ‘परके देश, परकी माणसं’. जेमतेम दीड-दोन मिनिटांचा. गेल्या रविवारी भाची आली होती. मी तिला काही सांगितलं नाही, नुसतं लावलं आणि मेथी निवडायला बसले. थोड्या वेळानं ती स्वयंपाकघराच्या दारात आली, खाली बसली आणि तिनंही एक जुडी पुढ्यात ओढली. तेरावा तुकडा संपेपर्यंत आम्ही दोघी बोललो नाही.