परदेशी डीव्हीडीनं प्लेअर जळत नाही, नेलपॉलिश रिमूव्हरनं डीव्हीडी मात्र जाते

गेल्या रविवारी साताऱ्याहून मावशीचा फोन. "अरे, मुंजीची सीडी दुधासारखी पांढरी झालीय रे." मावशी डीव्हीडीलाही सीडीच म्हणते. मुंज तिच्या नातवाची, न्यू जर्सीत झालेली. तिथल्या फोटोग्राफरनं करून दिलेल्या दोन डीव्हीडी तिनं साड्यांच्या कपाटात जपून ठेवल्या होत्या.

झालं असं की शेजाऱ्यांनी दिलेल्या प्लेअरवर चित्र काळंपांढरं दिसायला लागलं. तेवढ्यात भिशीच्या ग्रुपवर मेसेज येऊन पडला: "परदेशी डीव्हीडी लावताय? सावधान!" हाच मेसेज मला त्याच आठवड्यात आणखी तिघांनी पाठवला. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

"अमेरिकन डीव्हीडीनं भारतीय प्लेअरची लेन्स जळते." नाही जळत. तबकडी जगात कुठलीही घ्या, आकार तोच, १२ सेंटिमीटर, आणि ती वाचणारा लाल लेझरही तोच, ६५० नॅनोमीटरचा. पुढे "तिकडे ११० व्होल्ट असल्यामुळे" असंही लिहिलंय. अहो, व्होल्टेज भिंतीतल्या सॉकेटला असतं, तबकडीला नाही. तिकडचा फक्त ११०-१२० व्होल्टचा *प्लेअर* आणून इथल्या २३० व्होल्टला लावला तर धूर निघेल, हे खरं. बहुधा त्यातूनच ही अफवा जन्मली असावी.

आता ज्यामुळे माझं डोकं फिरलं तो मुद्दा. "डीव्हीडीच्या चकचकीत बाजूला कडेनं काळ्या मार्करनं गोल काढा, रीजन लॉक तुटतो. नाही चालली तर नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसा." (रीजन लॉक म्हणजे डीव्हीडी जगाच्या ठरावीक भागातल्या, म्हणजे रीजनमधल्या, प्लेअरवरच चालावी म्हणून घातलेलं कुलूप.) मावशीनं हे करून बघितलं.

मार्करची गोष्ट कुठून आली तेही सांगतो. २००२ च्या सुमारास काही *ऑडिओ* सीडींना कॉपी होऊ नये म्हणून बाहेरच्या कडेला एक फसवा ट्रॅक दिलेला असे आणि तो मार्करनं झाकला की कॉम्प्युटर फसत नसे. डीव्हीडीच्या रीजनचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते आणि रीजनची खूण अगदी सुरुवातीच्या माहितीत असते: आठ रीजन, आठ बिट, कुठे चालायचं नाही तेवढं सांगणारे. कडेला काळं फासून मधली खूण कशी पुसली जाईल? त्यातून घरगुती समारंभाच्या, फोटोग्राफरनं बर्न केलेल्या डीव्हीडीला रीजन कोड सहसा नसतोच. मावशीनं नसलेलं कुलूप तोडलं.

आणि रिमूव्हर! त्यात बहुतेक वेळा ॲसिटोन असतं. डीव्हीडी पॉलिकार्बोनेटची. ॲसिटोन लागलं की ते प्लास्टिक धुरकट होतं, तडकतं. मार्कर काढायचाच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ फडकं, आणि मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही.

"आपल्याकडे पाल, तिकडे एनटीएससी, म्हणून चालणारच नाही." (पाल म्हणजे आपली टीव्हीची चित्रप्रणाली, भिंतीवरची नव्हे; एनटीएससी ही अमेरिकेतली.) यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. पालमध्ये ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं, एनटीएससीत ४८० ओळी आणि जवळजवळ ३०. फक्त पाल समजणाऱ्या जुन्या टीव्हीवर एनटीएससी चित्र काळंपांढरं दिसतं किंवा वर सरकत राहतं. पण आपल्याकडचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही प्रणाली ओळखतात. घरातल्या हिंदी सिनेमाच्या डीव्हीडीचं कव्हर उलटून बघा. भारत रीजन ५ मध्ये, पालवाला देश, आणि तरी अनेक कव्हरांवर बारीक अक्षरात "एनटीएससी, ऑल रीजन्स" असं छापलेलं असतं. वर्षानुवर्षं तुम्ही तेच बघत आलात. रीजन वेगळा, प्रणाली वेगळी, हेही मेसेजवाल्याला ठाऊक नाही. जपान आणि ब्रिटन दोघंही रीजन २ मध्ये, पण जपान एनटीएससी आणि ब्रिटन पाल.

खरी अडचण उलट्या दिशेला येते. इथून पाल डीव्हीडी अमेरिकेला पाठवली तर तिथले बरेच प्लेअर ती घेत नाहीत. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

मावशीच्या टीव्हीच्या मेन्यूत "कलर सिस्टिम" पालवर अडकवलेली होती. ती ऑटोवर केली. रंग आले.

"कॉम्प्युटरवर पाचदाच रीजन बदलता येतो, मग फॉरमॅट मारा." पाचचा आकडा बरोबर, पण मोजणी ड्राइव्हच्या आत होते. विंडोज शंभरदा टाका, आकडा हलणार नाही. रीजन न बदलता आधी व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्रॅममध्ये लावून बघा. काही ड्राइव्ह तिथेही हट्ट करतात, बऱ्याच करत नाहीत.

"परदेशी डीव्हीडी बघणं गुन्हा, दोन वर्षं कैद." हे कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ वरून उचललंय, २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं. ते पूर्ण वाचा: शिक्षा आहे ती *हक्कभंगाच्या हेतूनं* संरक्षण मोडणाऱ्याला. विकत घेतलेली डीव्हीडी आपल्या घरी लावून बघणाऱ्या आजीच्या मागे पोलीस लागत नाहीत.

दुसऱ्या डीव्हीडीवरचा काळा गोल अजून तसाच आहे. उजेडात तिरकी धरली की बर्न झालेला भाग कुठे संपतो ते दिसतं, गोल त्याच्या बाहेर कोऱ्या जागेवर आहे, त्यामुळे ती बिनतक्रार चालते. पहिली काठोकाठ भरलेली होती आणि रिमूव्हर नेमका तिलाच लागला. मातृभोजनापर्यंत सगळं नीट दिसतं. भिक्षावळ सुरू झाली की चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो. बहिणीला तिच्याकडची प्रत शोधायला सांगितलंय.